तांबडी नोरा

ॲपल पायचे तुकडे अजून ताटल्यांत पडायचे होते, तेवढ्यात विनिफ्रेडने टाळी वाजवली. "चला, आता लिओटा वाचून दाखवणार. आईंनी सगळ्यांच्या आधी ऐकायला हवं. उद्या दुपारी छापखान्यात द्यायचंय ते."

लिओटा मनातून याचीच वाट बघत होती. वयाच्या त्रेचाळीस वर्षांतली बावीस तिने या सिल्व्हर फोर्क गावच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांचं शुद्धलेखन तपासण्यात घालवली होती. रविवारी मोठ्या भावाकडे, एसाच्या या चार खिडक्यांच्या जेवणघरात, ती टेबलाच्या पार टोकाला बसायची. बटाटे इकडे दे, ग्रेव्ही तिकडे दे, यापलीकडे तिच्याशी कुणाचं काही बोलणं नसे. आज मात्र सगळी तोंडं तिच्याकडे वळली. तिने पिशवीतून टाइप केलेले कागद काढले आणि उगाचच दोनदा टेबलावर आपटून सारखे केले.

वसंतात धरणाचे दरवाजे बंद होणार होते. सगळं गाव वरच्या पठारावर हलत होतं. चर्च हललं, बँक हलली, आता मेलेल्यांची पाळी होती. जुनं गाव पाण्याखाली जाण्याआधी त्याची आठवण म्हणून महिला मंडळाने एक पुस्तिका काढायची ठरवली. 'आपल्या खोऱ्यातल्या स्त्रिया.' मंडळाची अध्यक्ष एसाची बायको विनिफ्रेड, लिहिणारी लिओटा. दोन भाग केले होते. पहिला नावाजलेल्यांचा, दुसरा बदनाम बायांचा.

"दुसरा भाग आधी वाच," धाकटा भाऊ डेल म्हणाला. तो ट्रक चालवायचा, त्यामुळे त्याच्या अंगाला कायम तेलाचा वास यायचा आणि विनिफ्रेड त्याला खिडकीजवळची खुर्ची द्यायची. "वहिनी, लोक पहिला भाग उघडणारसुद्धा नाहीत, लिहून ठेव."

"डेल, जेवताना तरी."

"जेवण झालं की माझं."

आई, थर्झा प्रुइट, एसाच्या उजव्या हाताला बसली होती. एकाहत्तर वर्षांची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण अजून सरपण स्वतः फोडायची आणि कुणी कुऱ्हाड हातातून घेऊ लागलं की त्याच्यावर खेकसायची. तिने पायची ताटली बाजूला सारली. "वाच बाई. ऐकते."

लिओटाने वाचायला सुरुवात केली. नवऱ्याची विजार घालून दहा हिवाळे टपालाची गाडी हाकणारी विधवा ऑस्ट्रँडर. पहिली शाळा तंबूत भरवणारी मिस टॅलमन. देवीच्या साथीत घराघरांतून फिरणारी सुईण. वाचता वाचता लिओटाचा आवाज सैल झाला. आपली वाक्यं आपल्यालाच आवडतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान गरम झाले.

"आणि आता," विनिफ्रेड हळूच म्हणाली, "आईंचं."

"'थर्झा प्रुइट,'" लिओटाने वाचलं, "'कोवळ्या वयात नवऱ्याच्या मालवाहू गाडीतून, मांडीवर बायबल घेऊन या खोऱ्यात उतरली...'"

"कुठलं बायबल?" आई म्हणाली.

डेल फिस्सकन हसला.

"आई, लिहायची एक पद्धत असते," एसा म्हणाला. तो गावाचा नगराध्यक्ष होता. घरातसुद्धा तो असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण अर्ज घेऊन उभे आहोत.

"असेल. बायबल नव्हतं. मांडीवर कोंबडी होती, ती पण वाटेत मेली. पुढे वाच."

पुढे चर्चच्या वर्गणीचं होतं, तीन मुलांचं होतं, एफ्रेम प्रुइटच्या आजारपणात तिने गाड्यांचा धंदा कसा सांभाळला त्याचं होतं. आईने ते सगळं कुणा लांबच्या बाईचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग दुसरा भाग आला. डेलने खुर्ची पुढे ओढली. घोडे चोरणारी ल्युसिंडा बेल. तीन नवऱ्यांना एकाच वेळी पत्रं लिहून बोलावणारी मिसेस गॅफ्नी. विनिफ्रेडसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसली. लिओटा घोटभर पाणी प्यायली.

"'नोरा क्विल, उर्फ तांबडी नोरा. खाणीच्या भरभराटीच्या काळात हिचं नाचघर म्हणजे या खोऱ्यावरचा डाग होता. कित्येक भोळ्या मुलींना तिने वाममार्गाला लावलं. नऊ मार्च अठराशे एकोणऐंशीच्या संध्याकाळी तिने खाणीचे व्यवस्थापक कॅप्टन ल्यूशियस हार्कनेस यांना काहीही कारण नसताना गोळी घातली. पत्नी आणि दोन लहान मुलं मागे ठेवून हा सज्जन माणूस गेला. बाई म्हणून तिचा फास टळला. चार वर्षांच्या कैदेवर भागलं. सुटल्यावर ती याच गावात परत आली, जणू काही झालंच नाही. अठराशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात ती मेली. तिच्यासाठी कुणी रडलं नाही.'"

"परत वाच," आई म्हणाली.

लिओटाला वाटलं, तिला आवडलं. तिने परत वाचलं, शेवटचं वाक्य जरा सावकाश.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"वर्तमानपत्रात आहे, आई. खटल्याची बातमी. आणि विनिफ्रेडकडे घरातली पत्रं होती. कॅप्टन हार्कनेस तिचे सख्खे काका ना."

"ते माहीत आहे मला, कोण कुणाचा काका ते." आईने हात टेबलावर पालथे ठेवले. "आणि तिची कबर? तिचं काय करताय?"

एसाने नॅपकिनची घडी घातली.

"एसा, तुला विचारतेय. कबरी हलवायच्या कमिटीवर तू आहेस."

"आई, जुन्या गावातल्या वरच्या दफनभूमीतले सगळे हलवतोय. खालच्यातले ज्यांचं कुणी आहे ते. तो कोपरा आहे ना, कुंपणातला, सात बायका आहेत तिथे. त्यांचं कुणीच नाही. धरण कंपनी म्हणते, दावा सांगणारं नसेल तर राहू द्या. उद्या सकाळी खालचं काम संपतंय."

"राहू द्या म्हणजे?"

"राहू द्या म्हणजे राहू द्या."

"म्हणजे पाण्याखाली. तोंडाने बोल ना. नगराध्यक्ष झालास तर जीभ गेली का तुझी?"

"आई!" विनिफ्रेड म्हणाली. तिचा आवाज अजून गोड होता, पण गालावर लाल चट्टे उठले होते. "मला तुमचं कळतं. तुम्ही सगळ्यांचंच मनाला लावून घेता. पण त्या बाईशेजारी माझ्या काकांना झोपवायचं? नव्या दफनभूमीत? लोक काय म्हणतील हा प्रश्न नाही, मलाच ते सहन होणार नाही."

"कॅप्टन हार्कनेसला नोराने मारलं नाही," आई म्हणाली. "मी मारलं."

डेलच्या हातातला चमचा ताटलीवर पडला.

"आईला ऊन लागलंय," एसा म्हणाला.

"मला काही लागलेलं नाही. बस खाली." एसा उभा राहिला होता, तो बसला. "मी नोराच्या नाचघरात नाचायचे. कपडे धुवायला नव्हते, स्वयंपाकाला नव्हते. नाचायला होते. तुमच्या बापाची आणि माझी ओळख तिथेच झाली. तो मला म्हणाला होता, मालाची ही खेप पोचवून आलो की लग्न करू. तो तिकडे बर्फात अडकला आणि इकडे मला चौथा महिना लागला. नोराला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवसापासून मला नाचू दिलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं, म्हणाली, एफ्रेम येईपर्यंत बटाटे सोल. भोळ्या मुलींना वाममार्गाला लावलं म्हणे! मी भोळी नव्हते आणि मला कुणी लावलं नव्हतं. मी भुकेने आले होते."

"आई, पुरे."

"हार्कनेस आला. प्यालेला होता. त्याला मीच हवी होते. नोरा म्हणाली, ती नाचत नाही आता. तो स्वयंपाकघरात घुसला. केस धरून त्याने मला टेबलावर..." आईचा आवाज चिरला नाही, उलट कोरडा झाला. "मी ओरडले, पोटात पोर आहे. तो हसला. म्हणाला, मग तुला नवीन काय. पिठाच्या डब्यामागे नोराचं पिस्तूल असायचं. मला माहीत होतं कुठे आहे ते. दोनदा झाडलं मी. पहिली गोळी भिंतीत गेली."

"खोटं आहे हे." विनिफ्रेड उठली होती. "खोटं! नोराने कोर्टात कबूल केलंय. माझ्याकडे कात्रण आहे!"

"केलं कबूल. शेरीफ यायच्या आत तिने माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, मला मागच्या दाराने धोब्याच्या घरी पाठवलं. म्हणाली, तुरुंगात बाळंत झालीस तर पोर जगणार नाही, आणि तूही नाही. माझं काय, मी दणकट आहे." आईने मान वळवून मोतीबिंदूच्या त्या धुक्यातून एसाकडे पाहिलं. "ऑगस्टमध्ये तू झालास."

एसाचा चेहरा लिओटाने इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता.

"माझी काकू," विनिफ्रेड म्हणाली. ती रडत नव्हती. "माझी काकू दोन पोरं घेऊन दिराच्या दारात आली. आमच्या दारात. मी त्या पोरांबरोबर एका पलंगावर झोपलेय. ती चुलतबहीण झोपेत बापाला हाका मारायची. तुम्ही माझ्या लग्नात माझ्या कपाळाचं चुंबन घेतलंत, मिसेस प्रुइट. पंचवीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलात."

"मिसेस प्रुइट तूही आहेस."

"मला त्याची आठवण करून देऊ नका आत्ता! काका चांगले होते. माझे वडील खोटं बोलत नव्हते!"

"तुझ्या वडिलांशी असेल तो चांगला. पोरांशीही असेल. मी नाही कुठे म्हणतेय?"

लिओटाच्या हातात अजून ते कागद होते. तिला आधी कळेना, आपल्याला एवढा राग कशाचा आलाय. मग कळलं. विनिफ्रेडचा नव्हता, हार्कनेसचाही नव्हता.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. आवाज शाळेतल्यासारखा चढला. "दुकानासमोर एक बाई उभी होती. लाल केस, अर्धे पांढरे. तिने मला पेपरमिंटची कांडी दिली. तू माझ्या हातावर असा फटका मारलास, की ती चिखलात पडली. मला फरफटत नेलंस. घरी येऊन साबणाने माझे हात धुतलेस. मी विचारलं, कोण होती ती? तू म्हणालीस, घाण. घाण म्हणालीस तू, आई!"

आईने हात टेबलाखाली घेतले.

"मी हे सगळं कुठून लिहिलं असं विचारतेस? वर्तमानपत्रातून? मी तुझ्याकडून शिकले. तिच्या घरावरून जाताना आम्ही पलीकडच्या बाजूने जायचं, हे कुणी शिकवलं? कुणी रडलं नाही, हे वाक्य मी काय मनाने रचलं? तू गेली होतीस तिच्या मातीला?"

"नाही."

"का नाही?"

"एफ्रेम म्हणाला, नको." आईने ओठ आवळले. "त्याच्यावर कशाला ढकलू. मीच नाही गेले. चर्चमध्ये नुकतं नाव घातलं होतं आपलं. ती सुटून आली त्या दिवशी दुकानासमोर भेटली. मला म्हणाली, कसा आहे गं पोरगा? आणि मी मान फिरवली. दहा वर्षं फिरवत राहिले. तिने एकदाही, एकदासुद्धा, कुणाजवळ तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. माझ्या तोंडावर थुंकायला हवं होतं तिने, तर मला बरं वाटलं असतं." तिने मुठीने टेबल ठोकलं, कॉफीचे कप खणखणले. "मी माझी लायकी सांगत नाहीये तुला. मला ती माहीत आहे. मी एवढंच म्हणतेय की तिला पाण्यात सोडायचं नाही!"

"मी सही करणार नाही," एसा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो टेबलक्लॉथशी बोलत होता. "दाव्याच्या कागदावर नातं लिहावं लागतं. काय लिहू? लोक विचारतील. हे या घराबाहेर जाणार नाही. आई, तू म्हातारी झालीस. झालं ते झालं. विनिफ्रेडचं काय होईल याचा विचार कर."

"माझा विचार तू करू नकोस," विनिफ्रेड म्हणाली.

"तुझ्याचसाठी बोलतोय मी!"

"माझ्यासाठी की निवडणुकीसाठी?"

डेल उठला. त्याने आईची काठी आणली, तिची शाल आणली आणि एरवीच्या थट्टेचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाला, "चल आई. माझ्या ट्रकमध्ये दोन फावडी आहेत."

"तू वेडा आहेस का?" एसा ओरडला. "परवानगीशिवाय कबर उकरणं गुन्हा आहे!"

"मग तुझ्या शेरीफला सांग. पण दादा, एक सांगू? तिने चार वर्षं काढली म्हणून तू जन्माला आलास. मी तर त्याच्याही पुढे कधीतरी आलो, फुकटातच. आणि तुला सही जड जातेय."

आई दारापर्यंत गेली. लिओटा जागच्या जागी उभी होती.

"लिओटा, कागद इथेच राहू देत," विनिफ्रेड म्हणाली. "ती पुस्तिका मंडळाची आहे."

लिओटाने कागदांकडे पाहिलं. दोन महिने रोज शाळेनंतर बसून टाइप केलेले. मग तिने ते पिशवीत कोंबले, एक कोपरा दुमडला, फाटला, तिला फिकीर वाटली नाही. "लिहिलंय मी," ती म्हणाली. "चुकीचं लिहिलंय, तेही मीच." आणि ती आईच्या मागे निघाली. ती आईला माफ करून निघाली नव्हती. ट्रकमध्ये तिघं चिकटून बसली तरी घरापर्यंत ती आईशी एक अक्षर बोलली नाही.

सकाळी सहाच्या सुमाराला खालच्या दफनभूमीत दहिवर पडलं होतं. पाईनच्या नव्या कोऱ्या पेट्यांची चळत एका बाजूला रचली होती. धरण कंपनीची माणसं शेवटच्या रांगेवर होती. त्यांचा मुकादम सॉरेन म्हणून एक उंच नॉर्वेजियन होता. त्याने डेलच्या हातात फावडं बघितलं आणि तो लगबगीने आला.

"ए, कुंपणाच्या आत नाही. यादीत नाहीत त्या."

"आता आहेत," डेल म्हणाला.

"कागद?"

"कागद नाही. माणसं आहेत."

"माणसं माझ्या काय कामाची? मला उत्तर द्यावं लागतं वर." सॉरेन वाईट माणूस नव्हता. त्याने म्हातारीकडे पाहून टोपी काढली. "बाई, कोण लागतात तुमच्या या?"

थर्झा प्रुइट कुंपणाची मोडकी फळी ओलांडून आत शिरली होती. "मी एक खून केला होता. त्याची शिक्षा हिने भोगली. याला तुझ्या कागदावर काय नातं म्हणतात, ते तू लिही."

सॉरेनने टोपी परत घातली, परत काढली. मागे काम करणाऱ्या दोघांनी कुदळी टेकवल्या. उद्यापर्यंत हे वाक्य अख्ख्या सिल्व्हर फोर्कमध्ये, वरच्याही आणि खालच्याही, पोचणार होतं. लिओटाला वाटलं होतं की आपल्याला शरम वाटेल. पण तिला दिसत होती फक्त एक म्हातारी, गवतात गुडघ्यापर्यंत ओली, आणि त्या म्हातारीला आज हात धरून कुठेही फरफटत नेता येणार नव्हतं.

"मी खणतोय," डेल म्हणाला आणि त्याने फावडं मारलं.

"थांब रे बाबा, मला शेरीफला बोलवायला लावू नकोस!"

"बोलाव."

त्या दोघांचं असं चालू असताना वरच्या रस्त्यावर एसाची काळी मोटार येऊन थांबली. विनिफ्रेड एकटीच उतरली. आदल्या दिवशीच्याच कपड्यांत होती, केस कसेतरी बांधलेले. इतक्या वर्षांत कुणी तिला टोपीशिवाय घराबाहेर पाहिलं नव्हतं. ती उतारावरून सरळ खाली आली, बुटांना चिखल लागला त्याकडे न बघता, आणि तिने सॉरेनच्या हातात एक कागद ठेवला.

"कमिटीची परवानगी. कुंपणातल्या सगळ्यांची. मीही आहे कमिटीवर, माझी सही चालते."

सॉरेनने वाचलं आणि सुटकेचा श्वास सोडून आपल्या माणसांना हाक मारली.

"सगळ्यांची?" थर्झाने विचारलं.

"पाट्या कुजल्यात. कुठली कोण, कुणाला माहीत? एकीला काढायचं तर सातही काढायला लागणार." मग विनिफ्रेड सासूकडे वळली. डोळे सुजले होते, पण नजर ताठ होती. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. नीट ऐका. माझा काका कसा होता ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं नाही, आणि तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही तेही माझं अजून ठरलेलं नाही. पण आमच्या घराने अठ्ठेचाळीस वर्षं या बाईला शिव्या दिल्या. जेवताना, प्रार्थनेत सुद्धा. आणि तुम्ही समोर बसून ऐकत होतात. तिने केलंच नसेल, तर त्या शिव्या माझ्या तोंडाला लागल्यात. ते मला चालणार नाही. एवढ्यासाठी आलेय."

"माफी मागितलीय कुणी?"

"नाही. तुमच्या स्वभावातच नाही ते. या रविवारपासून माझ्या घरी यायचं नाही."

"नाही येणार."

"आणि पुस्तिका छापली जाईल, लिओटा. खरं काय ते लिहून. तुमचं नाव मग दुसऱ्या भागात जाईल, मिसेस प्रुइट. बदनाम बायांत."

"घाल की," थर्झा म्हणाली. "तिथे संगत बरी आहे."

विनिफ्रेडच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो हुंदका होता की आणखी काही, तिचं तिलाच कळलं नसेल. ती वळली आणि दोन पावलं गेल्यावर थांबली. "एसा मोटारीत बसलाय. कालपासून बोललेला नाही. मला नाही आता त्याच्याशी बोलता येत. तुमचा मुलगा आहे, तुम्ही बघा."

ती चढण चढून गेली, पण मोटारीकडे गेली नाही. मोटारीला वळसा घालून ती गावाच्या रस्त्याने पायीच चालू लागली.

माती मऊ होती. खणायला फार वेळ लागला नाही. लिओटा पिशवीतले कागद काढून, त्यांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत होती, कारण पाट्या कुजल्या तरी कुंपणाबाहेरून इतकी वर्षं बघून ती रांग आईला पाठ होती, आणि ती काठीने एकेक खड्डा दाखवून बोलत सुटली होती. "ही मिनर्व्हा ट्रूट. टेनेसीची. क्षयाने गेली. ही लोव्हिसा, आडनाव तिने कधी सांगितलं नाही. ही फ्रेंच होती असं म्हणायची, नव्हती. हिला दोन मुली होत्या, अनाथाश्रमात दिल्या. लिही, त्याही लिही. नाचायच्या ते लिही. कुणी देवीने मेलं, कुणी औषध पिऊन मेलं, सगळं लिही. बायबल-बियबल घालू नकोस मध्ये."

"नाही घालत."

"आणि ही..." आई सगळ्यांत टोकाच्या खड्ड्यापाशी थांबली. डेल आणि सॉरेन आत उतरले होते. जुन्या पेटीचं फारसं काही उरलं नव्हतं. जे हाताला लागलं ते त्यांनी ताडपत्रीवर, जपून, एकेक करून ठेवलं आणि नव्या पेटीत भरलं. ती पेटी इतकी लहान होती, की लिओटाचं काळीज कळवळलं. दणकट बाई, आणि एवढीशी पेटी.

झाकणाला खिळे ठोकून झाले. सॉरेनने हात झटकले. "वर ट्रकपर्यंत न्यायला आणखी एक माणूस हवा. उतार निसरडा आहे."

थर्झाने रस्त्याकडे तोंड केलं. तिला मोटार धूसर दिसत असेल नसेल, पण ती सरपण फोडल्यासारख्या खणखणीत आवाजात ओरडली, "एसा! खाली ये!"

मोटारीचं दार उघडलं नाही.

"एसा प्रुइट! मी तुला सही करायला बोलवत नाहीये. उचलायला ये!"

बराच वेळ गेला. मग दार उघडलं. नगराध्यक्ष उतार उतरून आला, रविवारचाच कोट घातलेला, दाढी न केलेला. आईकडे बघितलं नाही, लिओटाकडे बघितलं नाही. एसा पेटीपाशी येऊन उभा राहिला. हात कुठे लावायचा ते त्याला कळत नव्हतं.

थर्झाने त्याच्या बाहीला धरलं आणि त्याला खाली वाकवलं, लहानपणी चर्चमध्ये वाकवायची तसं, मान दाबून. दुसरा हात तिने पेटीवर ठेवला. तिचा राग अजून उतरला नव्हता. तो आवाजात होता, बोटांत होता.

"नोरा," ती म्हणाली, "कसा आहे पोरगा, असं विचारलं होतंस ना. हा बघ. हा तो."